जोडाचा तख्ता

मी, करिमा रसूल मुलाणी, वय ६९, धंदा सुतारकाम, राहणार इंदापूर, जिल्हा पुणे. वकिलांनी आधी 'घरकाम' टाइप केलं होतं, ते मी खोडायला लावलं. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे मृत्युपत्र मी कुणाच्या दबावाखाली करत नाही. माझ्यावर दबाव टाकणारा अजून जन्मायचा आहे.

१. राहतं घर माझा एकुलता मुलगा अरफात याला शरियतीप्रमाणे मिळेलच. त्यासाठी मी शाई खर्च करत नाही.

२. घरामागची कामाची शेड, पट्ट्या आवळायचे शिकंजे, रंधे, करवती आणि शिल्लक सागवान माझी सून नसरीन हिला द्यावं. सून वारस लागत नाही, म्हणून तर हा कागद. वारस नसलेल्याला मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच देता येतं; हे सगळं मिळून त्याच्या आत बसतं, मौलानांना विचारलं आहे. अरफात बारामती एमआयडीसीत कामाला जातो. त्याचं म्हणणं, रुंद फळ्या आता कारखान्यातून तयार येतात, बायकोनं पट्ट्या जोडत बसू नये. बाळा, एका पट्टीचा गाभा वर, शेजारचीचा खाली, म्हणजे फळी वाकत नाही, हे नसरीनला मी एकदाच सांगितलं. तुला कितीदा सांगूनही तू डिंक वाळायच्या आत शिकंजा सोडायचास. तू चांगला मुलगा आहेस, पण सुतार नाहीस.

३. मयताला आंघोळ घालायचा तख्ता. माझे मालक गेल्यावर त्यांच्या नावानं मी तो मशिदीसाठी केला. तेवढी रुंद सलग फळी आपल्या ऐपतीत मिळत नाही, म्हणून वखारीतल्या सागाच्या पट्ट्या जोडून केला. कमिटीनं परत पाठवला. तेव्हाचे अध्यक्ष खाजाभाई दारात उभे राहून म्हणाले, "जोडाचं लाकूड हाय, पाण्यानं फाकंल. आन् बाईच्या हातचं. लोकं काय म्हणतील?" जोड हे निमित्त होतं, खरं कारण बाईचा हात, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. मला त्या दिवशी रडू आलं, हेही लिहून ठेवते.

मग मी तो तख्ता नळाजवळ मांडला आणि त्यावर कपडे आपटायला लागले. सगळी गल्ली तोबा तोबा करत होती. करू दे. उन्हाळे गेले, पावसाळे गेले, साबण आणि सोडा मुरला, पण एक सांधा हलला नाही. मला त्याच तख्त्यावर आंघोळ घालावी. मशिदीतून कुणी दुसरा तख्ता आणलाच, तर आणणाऱ्याला चहा पाजून तो दारातूनच परत पाठवावा.

४. खाजाभाईंना मी मुद्दाम साक्षीला बोलावलं आहे. त्यांनी वरचं सगळं वाचलं आणि म्हणाले, "भाभी, त्यो तख्ता मशिदीला द्या की. आता कोण न्हाय म्हणंल?" मी म्हणते, न्हाय. तख्ता नसरीनकडे राहील. कोणत्याही जातीधर्माच्या घरी प्रसंग आला तरी तो द्यावा, भाडं घेऊ नये. मात्र मागायला नसरीनच्या दारात यायचं आणि तिला 'मिस्त्री' म्हणायचं. बेटी, बहू, अरफातची बायको, असल्या हाकेला तख्ता मिळणार नाही. मयताला ताटकळत ठेवणं पाप आहे, तेव्हा जीभ आतापासूनच वळवून ठेवा.

५. वरचं कलम खाजाभाईंना वाचून दाखवलं. वकिलांनी सहीची जागा दाखवली. तेव्हा ते सुनेकडे वळून म्हणाले, "नसरीन मिस्त्री, जरा पेन द्या." हे त्यांच्यासमक्षच लिहून घेतलं आहे, उद्या कुणी नाकबूल व्हायला नको.

ठिकाण : इंदापूर
दिनांक : १४ फेब्रुवारी २०२५

मृत्युपत्र करणार : करिमा रसूल मुलाणी (सही)

साक्षीदार :
१. खाजा इमाम तांबोळी (सही)
२. चंद्राबाई दत्तोबा शिंगाडे, शेजारीण (सही)