उत्तर नको असलेला प्रश्न

अमरावती, कार्तिक वद्य तृतीया, दिवेलागण

तिवशाहून बैलांच्या दमणीतून परतलो. वाटभर उन्हाला झेंडूचा रंग होता, की मलाच सगळीकडे झेंडू दिसत होता?

मुलींच्या शाळेसाठी भाषण द्यायला गेलो होतो. आठ दिवस आरशासमोर घोकलेलं. शेवटी आवाज चढवून विचारायचं, "या मुलींनी शिकायचं नाही, तर करायचं तरी काय?" मग थांबायचं, की सभा आपसूक हेलावते. नागपुरात हेलावली होती.

थांबलो. तर मागून एक माळीण उठली, ओटीत झेंडू घेऊन. "सकाळी फुलं तोडाची असतात, मास्तर. दुपारी मोकळ्याच रायतात पोरी. दुपारी भरवान काय शाळा?"

लोक हसले. मी चिडलोच. हा प्रश्न उत्तरासाठी नव्हता, हे हिला कोण सांगणार? पण गावचे पाटील म्हणाले, "बरोबर बोलली. दुपारी ठेवू." शाळा ठरली. माझी उरलेली दोन पानं खिशातच.

आता डोळे मिटले की पुन्हा तो झेंडू. इतक्या सभांत इतके प्रश्न विचारले. एकदा तरी उत्तराची वाट पाहिली का मी?

दमणीत चढताना तिला म्हटलं, "बाई, मधे बोलायचं नसतं."

ती बघतच राहिली. "तुमी एवढं तळमळून इचारलं, मंग कोनी सांगाले नको काय?"