तुमची बहीण, गळका नळ आणि मी

आदरणीय दादा,

साष्टांग नमस्कार (कंबर वाकते तेवढाच, बाकीचा मनाने). गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण बारा दिवस तुमच्याकडे आहे, म्हणजे घर लख्ख असणार आणि पाय पुसल्याशिवाय तुम्हाला स्वतःच्याच खोलीत शिरता येत नसणार. इकडे मी मजेत आहे. (एवढंच तिला सांगा. पुढचं काही सांगू नका.)

ती का निघून आली, ते तिने तिच्या परीने सांगितलंच असेल. आता माझी बाजू ऐका. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, हे खरं. प्लंबर बोलावतो बोलावतो म्हणत मी दोन महिने काढले, हेही खरं. पण एका दुपारी चहाची वाट बघत बसलो होतो, तर नळाच्या तोंडाशी एक थेंब हळूहळू बाळसं धरत होता. पडू की नको, पडू की नको, असं त्याचं चाललेलं. त्यात अख्खी खिडकी होती, उलटी. छताला शेगडी, आणि तिच्यापाशी डोकं खाली, पाय वर अशी पिवळ्या गाऊनमधली तुमची बहीण. मोहरीएवढी, आणि तरी माझ्यावर रागावलेलीच! मी बघतच राहिलो. टप्प. गेली. पुढच्या थेंबात पुन्हा आली.

झालं, कपाटातला जुना कॅमेरा काढला. दुकानदार म्हणाला, जवळचे फोटो काढायची वेगळी लेन्स महाग पडेल, आहे तीच उलटी करून चिकटपट्टीने लावा. लावली. स्टँड नव्हता, म्हणून स्टुलावर पिठाचा डबा, त्यावर कॅमेरा, शेजारी टेबललॅम्प. डब्याला हात लावायचा नाही, असा हुकूम काढला (चार दिवस भातावर काढले). आता थेंब काही फोकस लावेपर्यंत थांबत नाही. म्हणून तो पडतो त्या जागी आधी काडी धरायची, तिच्यावर फोकस लावायचा आणि काडी काढून घ्यायची. पेन्सिल आखूड पडली. समोर विणकामाची सुई दिसली, ती सर्रकन ओढली. सुईवर तुमच्या स्वेटरची बाही होती, हे टाके सुटायला लागल्यावर कळलं. देवाशपथ, मुद्दाम नाही केलं!

तेवढ्यावरून ती गेली नसती. पण त्याच दिवशी तिने बोलावलेला प्लंबर आला, आणि मी त्याला थेंब दाखवला. पाना हातात धरून तो बराच वेळ उकिडवा बसला. मग म्हणाला, "साहेब, वायसर जरा सैल करतो, म्हणजे टपोरा येईल." केला की हो सैल! आणि गेला. तुमच्या बहिणीने बॅग भरली.

तेव्हापासून रोज दुपारी बसतो. खाली परातीत पाणी, त्यात चमचाभर दूध. थेंब पडतो, पाण्याचा मुकुट उठतो, काठावरून मणी सुटतात आणि पापणी लवायच्या आत सगळं संपतं. तो मुकुट मला जमला, दादा! ऊन ओट्यावरून जमिनीवर उतरतं, चहा गार होतो, मला पत्ता नसतो. मी त्या थेंबातच राहायला गेलेला असतो. पण फोटो मोठे करून बघतो, तर प्रत्येक थेंबात नुसती खिडकी, शेगडी, भिंत. पिवळं काही नाही. खुर्चीवर तिचा गाऊन टांगून पाहिला. पण गाऊन रागावत नाही हो.

वहिनींना नमस्कार सांगा, आणि गुडघ्यांना शेक चालू ठेवा.

आपला मेहुणा

ता. क. तिला हवे तितके दिवस राहू द्या. माझं काहीएक अडत नाही.

आणखी ता. क. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडाच झालाय आणि वहिनींना माझं अक्षर लागत नाही. म्हणजे हे पत्र तुम्हाला तीच वाचून दाखवत असणार, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे (डोळ्याची चौकशी वर मुद्दामच केली नाही). तेव्हा, अगं, एवढं मात्र मनातल्या मनात वाच. वरचं पत्र परवा लिहिलं; काल मी स्वतः प्लंबरला बोलावून नळ पक्का करून घेतला. आता एक थेंब पडत नाही. दुपारभर ओट्याशी बसलो, तर सबंध घरात काही हललं नाही. मला करमत नाही गं. ये.