हत्ती काहून मारायचा?

चाचा,

मला दहा डाव निवडायचे आहेत. हिंगोलीच्या आमच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुलींना बुद्धिबळ शिकवते, आणि यंदा महिनाभर एकाच माणसाचे डाव लावायचे ठरवलंय, तुमच्या त्या विश्वविजेत्याचे. आता त्याचे सगळे डाव मोबाइलवर मिळतात. त्यातले दहा उत्तम काढायचे म्हणजे पाडाच्या आंब्यांच्या ढिगात हात घालण्यासारखं, प्रत्येकाचा वास घेऊन बघावा आणि कुठलाच खाली ठेवावासा वाटू नये. नऊ ठरलेत. दहावा तुमचा लाडका, हत्ती देऊन मात करणारा. तो घ्यावा की वगळावा यावर चार दिवस घुटमळतेय. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, तरी हे दुसऱ्या कुणाला विचारावं असं वाटेना.

कळमनुरीत आमच्या भाड्याच्या घरासमोर तुमचं गाद्या भरायचं दुकान होतं. आईनं जुन्या गादीचा कापूस पिंजायला दिला होता आणि तो होईपर्यंत तिथंच बस म्हणून मला धाडलं होतं. कोपऱ्यात तुम्ही गादीच्याच कापडाच्या तुकड्यांचा शिवलेला पट होता, पांढरी आणि निळी घरं. मी तेरा वर्षांची. त्या दिवशी गादी झाली तरी मी घरी गेले नाही, आणि पुढची पाच वर्षं गेले नाही म्हटलं तरी चालेल. रविवारच्या पेपरात विश्वविजेत्याचा एखादा डाव छापून यायचा. तुम्ही पिंजणाची कमान भिंतीला टेकवायचे, केसांतला, भुवयांतला कापूस झटकायचे, माठातल्या पाण्यानं हात धुवायचे आणि मगच पेपर उघडायचे. छापलेल्या चालींवर चिंधीची पट्टी ठेवायची आणि एकेक ओळच खाली सरकवायची. आधी आपली चाल सांगायची, मग त्याची बघायची. मी घाईनं काहीतरी सांगितलं की तुम्ही पट्टी गच्च धरून ठेवायचे. "जल्दी नको करू बेटा. तो माणूस इथं किती येळ बसला असंल, तेवढं तरी बस." मग पट्टी सरकायची, आणि भलत्याच कोपऱ्यातला उंट चाललेला दिसायचा. तुम्ही हळूच "सुभानअल्ला" म्हणायचे आणि गिऱ्हाईक उभं असलं तरी तोच उंट मागं नेऊन पुन्हा चालवून बघायचे. माणसाच्या डोक्यात असं काही असू शकतं, हे मला देवळात कधी जाणवलं नव्हतं, ते तुमच्या दुकानात जाणवलं.

आणि मी यायच्या आधीची तुमची ती गंमत! तुम्हाला देशी बुद्धिबळ येत होतं. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं. पेपरात ते दोन घरं गेलेलं दिसलं की तुम्ही छापणाऱ्याची चूक समजून ते एका घरावर ठेवायचे. आठव्या-दहाव्या चालीला सगळा डाव अडायचा, पण दोष तुम्ही स्वतःच्या अकलेला द्यायचे. मी शाळेच्या पुस्तकातून नियम आणून दाखवला तेव्हा तुम्ही खोकला येईस्तोवर हसलात. "म्हंजे चार म्हैने मी त्या भल्या माणसाला लंगडी घालायला लावून राहिलो."

देशी डावात किल्लेकोट करून राजाला एका चालीत हत्तीआड लपवताही येत नाही. राजाला स्वतःच्या पायांनी चालून जागा शोधावी लागते. म्हणून तुमची नजर आधी राजाच्या पावलांवर जायची, हे मी पुढं लक्षात घ्यायला हवं होतं.

मी कॉलेजसाठी नांदेडला गेले आणि चार स्पर्धा खेळून शहाणी झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आले तेव्हा तुम्ही तो लाडका डाव पुन्हा लावला. विश्वविजेत्यानं हत्ती पुढं घातला, समोरच्यानं तो मारला, आणि तिथून सगळं कोसळत गेलं. तुम्ही मात्र मारण्याआधीच थांबलात. काळा राजा चिमटीत धरून विचारलंत, "हत्ती काहून मारायचा? राजा एक घर मागं गेला तर?"

मी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "चाचा, तो विश्वविजेता आहे. त्याला दिसलं नाही ते तुम्हाला दिसलं का?"

तुम्ही साठीचे, मी एकोणीस वर्षांची. तुम्ही कानाच्या पाळीला हात लावलात. "बराबर आहे बेटा. लहान तोंडी मोठा घास झाला." आणि राजा जागेवर ठेवलात.

गेल्या आठवड्यात डाव कॉम्प्युटरला घातला. त्यानं क्षणात सांगितलं, राजा एक घर मागं. मी पुढच्या चाली खेळून पाहिल्या आणि तो सगळा हल्ला विरून गेला. समोर बसलेल्या नामांकित खेळाडूला जे दिसलं नाही, ते कळमनुरीत गादी भरणाऱ्या माणसाला दिसलं होतं. आमचे क्रीडाशिक्षक म्हणतात, मग तो डाव सदोष ठरला, वगळा. मला पटत नाही. हत्ती देणाऱ्याची छाती आजही तेवढीच मोठी आहे. फक्त त्या डावात आता मला दोन माणसं दिसतात.

काल चिंधीची पट्टी लावून मुलींना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, हत्ती मारायचा. मी राजा सरकवला. मुली पटावर वाकल्या, तुमच्या दुकानात मी वाकायची तशा. एकीनं विचारलं, "मॅडम, हे कॉम्प्युटरनं शोधलं का?" मी म्हणाले, नाही, माझ्या उस्तादांनी, कापूस पिंजता पिंजता. तर ती म्हणते, "मंग तुमाले तवाच कळलं व्हतं का, ते बराबर हायेत म्हणून?"

मी फळा पुसायला वळले.

आता ठरलं, दहावा डाव तोच, तुमच्या चालीसकट. हा कागद या दहा डावांच्या वहीतच ठेवणार, कब्रस्तानात काही टपाल जात नाही. पण त्या मुलीला दिलं नाही ते उत्तर इथं देते. त्या सुट्टीनंतर होस्टेलवर मी तुमची चाल मांडून पाहिली होती. तीन दिवस खटपट केली, मला तोड सापडली नाही. दिवाळीला आले तेव्हा तुम्ही होतात, दोन तास आपण समोरासमोर बसलो. तुम्ही विचारलंत, "काय बेटा, नवीन काही सापडलं?"

मी म्हणाले, "न्हाई, चाचा."