शिवणीचा ओंडका सरणावर जाऊ नये म्हणून

मी, नारायण पुंजाजी घोंगटे, वय एकाहत्तर, धंदा शेती आणि त्याहून जास्त लाकडावरचे कोरीव काम, राहणार धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा, असे लिहून ठेवतो की आज माझी अक्कल ठिकाणावर आहे. तसे डॉक्टरांचे सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तो मी बरोबर सांगितला. त्यांच्या टेबलाचे लाकूड कोणते, हे मी न विचारताच सांगितले. तेव्हा ते जरा नाराज झाले, कारण त्यांनी ते सागवान म्हणून घेतले होते. सही मात्र त्यांनी केली.

हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने लिहीत नाही. तेरवी झाल्यावर मृत्युपत्र उघडायची आपल्याकडे रीत आहे, ती येथे चालणार नाही. मला आंघोळ घालण्याच्या आधी, अंगणात उभे राहून, हे मोठ्याने वाचावे. घाई असेल तर आधी कलम चार वाचावे आणि रडणे नंतर करावे.

कलम १. राहते घर आणि नदीकाठचे शेत मुलगा राजकुमार याला. त्याचे बुलढाण्याला प्लायवूडचे आणि तयार दरवाज्यांचे दुकान आहे. मुलगा गुणाचा आहे, मला दवाखान्यात नेतो, फळे आणतो. पण ज्या वस्तूला वास नाही, गाठ नाही, तिला तो लाकूड म्हणतो, आणि गिऱ्हाईकही मान डोलावते. त्याला एकच अट आहे. माझ्या फोटोला प्लायची चौकट करू नये. चौकट नसली तरी चालेल, मी भिंतीला टेकून राहीन.

कलम २. सर्व पटाश्या, रंधे, लाकडी हातोडे आणि ओसरीतले माझे बसायचे पाट मुलगी योगिनी हिला. ती रोहिणखेडला दिली आहे, तिथून स्कूटीवर रोज कामाला येते. तान्ह्या पोळ्याला लेकरे जे लाकडी बैल ओढतात, ते आता तीच कोरते. माझ्या बैलांचे तोंड जरा माझ्यासारखे यायचे, असे लोक म्हणत. तिचे बैल बैलांसारखे दिसतात. पटाश्यांना राजकुमारने हात लावू नये. मागे एकदा त्याने माझ्या बारीक पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. त्यावर जे बोलायचे ते मी तेव्हाच बोललो आहे, येथे लिहीत नाही.

कलम ३. लाकूड देणारी माणसे, हीच माझी खरी इस्टेट. तीही योगिनीला. चांगले लाकूड बाजारात मिळत नाही, माणसांकडे मिळते, आणि त्या माणसांना ते आपल्याकडे आहे हे माहीत नसते. म्हणून मी सगळीकडे हिंडलो.

रस्त्यावरच्या आरामशीनवाल्याकडे जाऊ नये. त्याच्याकडे सगळेच सागवान असते, आंबासुद्धा. ओले लाकूड तो वाळलेले म्हणून देतो. मी ते कानाला लावून ठोकले, तर तो कामगारांना म्हणाला की आबा फोनवर बोलत आहेत, मध्ये बोलू नका. राजकुमारने एकदा मोबाइलवरून कोरीव कामाचे लाकूड मागवून दिले. फोटोत ते दारातल्या खांबाएवढे होते. आले ते अगरबत्तीच्या पुड्याएवढे, आणि त्याच्याभोवती कागद मात्र पोतेभर. त्याचा मी राजकुमारसाठी कंगवा केला. त्याचे केस गेले आहेत, तरी तो खिशात ठेवतो. यावरून मुलगा गुणाचा आहे हे सिद्ध होते.

खरे लाकूड शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभे असते. वादळ झाले की दुसऱ्या दिवशी मी निघायचो आणि कोणाचे काय पडले ते पाहायचो. सरकारी परवानगी लागते तिथे ती काढायची, त्यात कंटाळा करू नये. झाडावर नजर असली, की झाडवाल्याच्या घरी जाणे-येणे ठेवावे लागते. लग्नाला जावे, बारशाला जावे, आजारपणात भेटायला जावे. फक्त आजारी माणसाजवळ बसून खिडकीतून झाडाकडे पाहू नये. हिवरा आश्रमाकडच्या एका गृहस्थांकडे मी तसे पाहिले. ते ताडकन उठून बसले आणि अजून ठणठणीत आहेत. झाडही आहे. योगिनीने त्यांच्याशी गोड राहावे.

कलम ४. हे कलम सर्वांनी नीट ऐकावे.

गावात कोणी गेले की गल्लीतली माणसे सरणासाठी लाकडे जमवायला निघतात. ज्याच्या अंगणात वाळलेले दिसेल ते उचलतात. कोणी विचारत नाही आणि कोणी नाही म्हणत नाही. रीत चांगली आहे. पण ज्याच्या अंगणात वर्षानुवर्षे लाकूड वाळत पडलेले असते, त्याने काय करावे, याचा त्या रीतीत विचार नाही.

माझी पत्नी सत्यभामा गेली, तेव्हा मी ओसरीत बसलो होतो. समोरून शेजारचे शंकरराव माझा शिवणीच्या झाडाचा ओंडका खांद्यावर घेऊन निघाले. तो मी तिच्याच देव्हाऱ्यासाठी ठेवला होता. दोन्ही तोंडांना शेण-माती लिंपून, सावलीत, हळूहळू वाळवला होता, कुठे एक तडा नव्हता. मी उठलो आणि परत बसलो. बायको दारात निजलेली असताना, ते लाकूड नका नेऊ, असे कोण म्हणेल? मग मी हमसून रडलो. लोक म्हणाले, जोडी होती, दुःख अनावर आहे. त्यातले किती तिचे आणि किती ओंडक्याचे, ते सत्यभामेला बरोबर कळले असेल. तिला माझे सगळेच कळायचे. तिची आठवण रोज येते. शंकररावांशी मात्र मी त्या दिवसापासून कामापुरतेच बोलतो. का, ते त्यांना आजवर सांगितलेले नाही.

आता अंगणात गोठ्याच्या भिंतीलगत दुसरा शिवणीचा ओंडका आहे. तो मिळवायला मी पायातल्या चपला झिजवल्या. तो योगिनीला दिला आहे. त्यातून तिने मोठी बैलजोडी कोरावी, जशी मला कधी जमली नाही. माझ्या मरणाच्या गडबडीत तो कोणी उचलला, तर योगिनीने चार लोकांत उभे राहून अडवावे. बापाचे प्रेत दारात असताना लाकडाचे काय घेऊन बसली, असे तिला कोणीही म्हणू नये. म्हणणाऱ्याला हे कलम पुन्हा वाचून दाखवावे. तिला मी हे विचारून घेतले आहे. ती म्हणाली, "बाबा, तुमाले नाही बोलता आलं. मी बोलीन."

कलम ५. मला गोवऱ्या आणि बाभळीच्या वाकड्यातिकड्या फांद्या पुरे. मी काही फार मोठा नाही.

येथपर्यंत लिहून झाले होते. आज सह्यांसाठी साक्षीदार आले, तेव्हा योगिनीने सर्व वाचून दाखवले. साक्षीदारांत शंकरराव आहेत, कारण गल्लीत सही स्वच्छ त्यांचीच येते. कलम चार ऐकून ते बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तवा सांगतलं काऊन नाही, नारायणभाऊ? मी तं सारं अंगण पाह्यलं. वहिनीले गाठीच्या ढलप्यावर कसं ठेवाव? एकही गाठ नाही, तडा नाही, असं एकच लाकूड होतं. तेच निवडून नेलं मी तिच्यासाठी."

साऱ्या जिल्ह्यात मी चांगले लाकूड शोधत फिरलो, आणि त्याची पारख असलेला माणूस भिंतीपलीकडे राहत होता. सत्यभामेसाठी मी निवडले असते तेच त्याने निवडले होते. योगिनीने चहा केला. आम्ही दोघांनी तो एका पाटावर बसून घेतला.

म्हणून सही करण्याआधी दोन दुरुस्त्या करतो.

पहिली, शंकररावांवरचा माझा राग रद्द समजावा. योगिनीने यापुढे लाकूड पाहायला जाताना त्यांना सोबत न्यावे, आणि ते नको म्हणतील ते लाकूड घेऊ नये.

दुसरी, माझ्या सरणाची लाकडे शंकररावांनी निवडू नयेत. ते चांगलीच निवडतील.

वाचून, ऐकून, मान्य करून सही केली.

नारायण पुंजाजी घोंगटे

साक्षीदार:
१. शंकरराव किसन तायडे, शेजारी. (वरील दुसरी दुरुस्ती मला मान्य नाही, तरी सही करतो.)
२. कलाबाई रामभाऊ सुरडकर, शेजारी

ठिकाण: धामणगाव बढे, घराचे अंगण
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५