टर्कीऐवजी

२८ डिसेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र आणि बाबांचा स्वेटर दोन्ही नाताळच्या आधीच पोचले. बाह्या जरा लांब झाल्यात, पण तुमचे बाबा म्हणतात, हात झाकले की निम्मं म्हातारपण झाकतं. त्यांचा खोकला गेला. माझंही बरं चाललंय. थंडी पडली की लिफ्ट जास्त अडकतात, त्यामुळे आम्हा मेकॅनिक लोकांना उसंत नाही.

यंदा टर्कीचं काय केलंत, असं तुम्ही विचारलंत. सांगतो.

तुमची धाकटी बहीण होती तोवर टर्की हा तिचा प्रांत. आदल्या दिवसापासून ओट्याकडे कुणाला फिरकू द्यायची नाही. मी बाजारातून ती उचलून आणायची आणि बाबांनी सुरीला धार लावायची, एवढंच आमचं काम. ती गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. खाटकाकडे गेलो तर सगळ्यात लहान टर्कीसुद्धा अख्ख्या वऱ्हाडाला पुरेल एवढी. म्हटलं, "आम्ही दोघंच आहोत." दरवर्षी धाकटीशी हुज्जत घालणारा माणूस तो, पण काही विचारलं नाही त्याने. म्हणाला, "मग बदक न्या."

बदकाला चरबी फार, बाबांना सोसत नाही. कोंबडी एरवीही खातोच. सणाला कोंबडी म्हणजे सणाचा कंटाळा केल्यासारखं. सशाचं नाव काढलं तर बाबा म्हणाले, "जावईबापू, ज्याला कान धरून उचलतात ते मी खात नाही." शेवटी मासा ठरला. मोठा, अख्खा, पोटात लिंबू-कांदा भरून ओव्हनमध्ये भाजायचा. बाबांनी स्वतः निवडला. मासेवालीला कल्ले उघडून दाखवायला लावले, डोळे तपासले, जणू घरात सून आणायची होती.

नाताळच्या सकाळी मी मासा साफ केला, बाबांनी बटाटे सोलले. फार दिवसांनी स्वयंपाकघरात दोन माणसांचे आवाज होते.

इथवर लिहून मी उठलो. भांडी घासली, कपडे घडी करून ठेवले, पुन्हा येऊन बसलो. पत्राच्या शेवटी तुम्ही जे विचारलंय, बाबांना आता कायमचं तुमच्याकडे नेण्याबद्दल, त्याचं उत्तर पुढे आहे. म्हणून हात चालत नव्हता.

मासा ओव्हनमध्ये गेला आणि फोन वाजला. कोपऱ्यावरच्या दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकलेली, आत एक बाई आणि तिचं तान्हं बाळ. सुट्टीमुळे दुसरं कुणी नव्हतं. बाबांना म्हटलं, "घंटी वाजली की बटण फिरवून बंद करा. बाकी हात लावू नका. मी आलोच."

"जा हो. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

लिफ्टने दमवलं. बाई बाहेर आली ती रडत आणि हसत. बाळ गाढ झोपलेलं. घरी परतलो तर बाबा जिन्याच्या पायरीवर बसलेले. अंगात तुमचा स्वेटर, पाय अनवाणी. दार सताड उघडं आणि आतून धूर. घंटी त्यांना ऐकूच आली नव्हती. धूर दिसल्यावर गडबडीत बटण उलटं फिरवलं, आच आणखी वाढली. मग उघड्या हाताने ट्रे ओढायला गेले.

बोटं पोळलीत, ताई. फार नाही. मी आत जाऊन ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या. माशाचा कोळसा झाला होता. बाबा सारखं म्हणत होते, "तिला सांगू नका हं. रागावेल." मला वाटलं, तुमच्याबद्दल म्हणताहेत. मग कळलं, धाकटीबद्दल.

त्यांना त्याच दवाखान्यात नेलं, त्याच लिफ्टने. मलमपट्टी झाली. घरी येऊन मी ऑम्लेट केलं. ऑम्लेट, पाव आणि बाबांचे बटाटे, असं आमचं नाताळचं जेवण. खिडक्या उघड्या म्हणून दोघंही कोट घालून बसलेलो. त्यांच्या हाताला पट्टी, मी भरवत होतो.

दोन घास खाऊन म्हणाले, "टर्कीपेक्षा हे बरं."

"तुम्हाला तर टर्की आवडते ना?"

"मला? लाकूड चावल्यासारखी लागते. तुम्हाला आवडते म्हणून ती करायची. मी आपला तिचं मन मोडू नये म्हणून खायचो."

ताई, मला टर्की कधीच आवडली नाही. मी समजायचो, हे सगळं बाबांसाठी चाललंय. आणि धाकटी स्वतः एवढासा तुकडा ताटात घेऊन बटाट्यांवरच ताव मारायची! आम्ही इतके हसलो की बाबांना ठसका लागला. हसणं थांबल्यावर मात्र घर एकदम मोठं वाटायला लागलं. ही गंमत जिला सांगायची, तीच नव्हती.

तेव्हाच मी विचारून टाकलं. "ताईंकडे जाल का राहायला?"

त्यांनी पट्टीच्या हाताने ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "मी गेलो तर तू जेवशील का?"

इतक्या वर्षांत मला त्यांनी पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

"जेवेन की."

"खोटं बोलतोस," बाबा म्हणाले. "पण जातो. कामावर असताना तुला माझा घोर नको."

तर ताई, या. त्यांना घेऊन जा. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला मी 'थांबा' म्हणू शकत नाही, आणि बाबांना एकटं ठेवू शकत नाही. त्यांना गॅसजवळ एकटं सोडू नका, पण स्वयंपाकघरातून हाकलूही नका. उजव्या कानाने ऐकू येत नाही, ते कबूल करणार नाहीत. डाव्या बाजूला बसून बोलत जा.

'आता त्यांची जबाबदारी तुमच्यावर नाही,' असं तुम्ही लिहिलंत. चांगल्या मनाने लिहिलंत, जाणतो. पण ते वाक्य मला पुन्हा वाचवलं नाही. कामावरून आल्यावर आतून कुणीतरी "आलात का?" विचारतं, त्याला मी जबाबदारी कधी म्हटलंच नव्हतं.

न्यायला याल तेव्हा परतीची गाडी लगेच धरू नका. एक दिवस राहा. जेवायला काय करू, ते आधी कळवा.

पोरांना आशीर्वाद. खाली सही करताना थोडा थांबलो. मग वाटलं, अजून तरी हेच लिहितो.

तुमच्या धाकटीचा नवरा