बोटभर तेल

शुक्रवार, संध्याकाळ. अल सद्द.

जिंकले! नऊ वर्षांनी का होईना, जिंकले.

दोह्याला येण्याआधी दोन वर्षं आम्ही इंग्लंडातल्या एका खेड्यात होतो. तिथे दर उन्हाळ्यात गावच्या हॉलमध्ये भाज्या, जॅम, चटण्यांची स्पर्धा असते. मी कैरीचं लोणचं ठेवलं, वर रीतसर बोटभर तेल. परीक्षकबाईंनी चाखलंसुद्धा नाही. चिठ्ठी ठेवली, ‘तेल सुटलंय, बरणी बाद.’ अख्ख्या गावासमोर! तेल नको, मग काय बुरशी हवी होती?

आज तिथल्या शेजारणीचा, मार्गारेटचा फोन आला. माझ्याकडून शिकलेल्या लोणच्याला यंदा पहिलं बक्षीस, आणि देणाऱ्या त्याच परीक्षकबाई! शिवाय गावाने स्वतःचा इतिहास छापलाय, त्यात माझ्या नावासकट लोणच्याचं एक पान.

लेक ओरडली, “आई, यू आर इन अ हिस्टरी बुक!”

हे म्हणाले, “खलास! आता तरी ती चिठ्ठी विसर.”

विसरते कसली! त्या पानाच्या तळाशी स्पर्धेचा नवा नियम आहे. तो मी मार्गारेटला दोनदा वाचायला लावला: लोणच्यावर बोटभर तेल नसेल, तर बरणी बाद.