मंजूर, डोळ्यांना गारवा

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या आतेभावाचा दंडवत. पत्रारंभी प्रकृतीची विचारपूस करावी असा शिरस्ता आहे. पण गेले काही आठवडे मी ती जेव्हा जेव्हा केली, तेव्हा तेव्हा आलेल्या उत्तराने माझीच प्रकृती बिघडली. म्हणून या खेपेला आमचंच सांगतो. हिचं बरं आहे, माझी पाठ आहे तशीच आहे, आणि संस्कृतच्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा बाकं जास्त ही परंपरा कॉलेजने अखंड राखली आहे. हे पत्र वहिनी तुम्हाला वाचून दाखवणार हे मला ठाऊक आहे. (वहिनी, नमस्कार. कंसातला मजकूर तुमच्यासाठी आहे. तो मनातल्या मनात वाचावा, आणि वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवावं.)

आता आपल्या साच्याबद्दल. (वहिनी, तुम्ही ज्याला सवत म्हणता तोच, संगणकातला. प्रबंध लिहिणाऱ्याने त्यात आपला मजकूर ओतायचा, की तळटीपा, समास, प्रकरणांचे आकडे शहाण्या मुलांसारखे जागच्या जागी बसतात. सगळा मामला फुकट आणि उघडा. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. माझ्यासारख्याचा शिरकाव झाला तो त्यामुळेच.) तुमचा नियम असा की एकाने केलेला बदल दुसऱ्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय साच्यात जायचा नाही. राखणदार आपण दोघेच. मी सुधारायचं, तुम्ही बघायचं, आणि उलट. नियम थोर आहे. फक्त त्यात दुसऱ्याला नजर असते असं गृहीत धरलेलं आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक काम हाती घेतलं. श्लोकाची ओळ लांब झाली की साचा ती भलत्याच ठिकाणी तोडतो, शब्दाचं मुंडकं वर आणि धड खाली. ते सुधारून पाठवलं. तुमचा शेरा आला, "मंजूर. सुरेख." मला घाम फुटला. दादा, लहानपणी माझा पतंगसुद्धा तुम्ही पहिल्या झटक्यात मंजूर केला नव्हता. साच्यातल्या माझ्या पहिल्या सुधारणेवर तुमचा शेरा होता, "पान आहे की गोठा?" त्या शेऱ्याने मला केवढा धीर आला होता! शास्त्रार्थात पूर्वपक्षच नसेल तर उत्तरपक्षाने हवेत हात हलवायचे का?

म्हणून परीक्षा घ्यावी म्हटलं. तळटीपांची अक्षरं मुख्य मजकुरापेक्षा मोठी करून पाठवली. "मंजूर. डोळ्यांना गारवा." पानाचे आकडे पानाच्या मधोमध, मजकुराच्या अंगावर बसवले. "मंजूर. सुरेख." मग काहीच न बदलता नुसता कोरा बदल पाठवला. "मंजूर. डोळ्यांना गारवा." कॉलेजच्या वाचनालयात तेव्हा चिटपाखरू नव्हतं. डोक्यावर पंखा फिरत होता आणि मी कळ दाबून बोट उचलतो न उचलतो तोच उत्तर हजर होत होतं, जणू कुणी पलीकडे तोंड उघडून तयारच बसलंय. मी लिहिलं, "दादा, तब्येत कशी आहे?" उत्तर: "मंजूर. सुरेख." मी लिहिलं, "माझ्यावर रागावलात का?" उत्तर: "मंजूर. सुरेख." शेवटी मी लिहिलं, "दादा, मी मेलो तर?"

"मंजूर. डोळ्यांना गारवा."

तुमच्याकडून आजवर पुष्कळ ऐकून घेतलं, पण असं नाही. मी वहिनींना फोन लावला. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. नसेल तर ऐका. त्या म्हणाल्या, "काय बोलता भाऊजी! हे कुठलं मंजूर करतायत? दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेत. ऑपरेशन झालंय. डॉक्टर म्हणतात, दिसेल की नाही ते पट्टी सुटल्यावरच सांगता येईल. कुणाला कळवायचं नाही म्हणून मला शपथ घातलीय. आणि ते यंत्र मी कपाटात कोंडलंय, किल्ली माझ्या कमरेला." (वहिनी, शपथ मोडल्याचं पाप माझ्या नावावर घाला. तिथे जागा आहे.)

मग ग्रंथपालांना बोलावलं. कॉलेजात यंत्राला वचक वाटावा असे तेवढे एकच. त्यांनी साच्याच्या कोठारात पाहिलं आणि म्हणाले, "सर, भूत नाही. तुमच्या भावाने आपल्या जागी एक आपोआप चालणारा मदतनीस नेमून ठेवलाय. तुमच्याकडून काहीही आलं की दोन शेऱ्यांपैकी एक मारतो. तो राहतो दूरच्या कुठल्याशा यंत्रावर. घरचं कपाटात असलं तरी त्याचं अडत नाही." मी सुस्कारा सोडला. ते पुढे म्हणाले, "भुताला निदान स्वतःचं मत तरी असतं." म्हणजे माझं काम अडू नये, आणि तुम्ही आंधळे होत चाललात हे मला कळू नये, म्हणून तुम्ही एक तथास्तु-यंत्र मागे ठेवून गेलात! आम्ही पुराणात वाचलं होतं की देव वर देऊन अंतर्धान पावतात. आधी अंतर्धान पावून मग वर वाटणारा तुमच्या रूपाने पाहिला.

पण अंगावर काटा आला तो यानंतर. ग्रंथपाल मला मागच्या दालनात घेऊन गेले. आपल्या साच्यात छापलेले प्रबंध तिथे एका फळीवर ओळीने उभे आहेत, डावीकडे जुने, उजवीकडे नवे. "सर, विद्यार्थी तितकेच आळशी आहेत, मग प्रबंध जाडे का होत चाललेत?" मी डावीकडून एकेक उघडत गेलो. प्रत्येकात अक्षर मागच्यापेक्षा थोडं मोठं, थोडं काळं, ओळी थोड्या दूर. एकामागून एक उघडताना वाटत होतं की पानच एकेक पाऊल टाकत तोंडाजवळ येतंय. त्या सुधारणा तुमच्या होत्या, दादा. तुम्हाला जेवढं दिसेनासं होत होतं तेवढं तुम्ही साच्याचं अक्षर वाढवत होतात, आणि दुसरी नजर म्हणून मी प्रत्येकीखाली लिहीत होतो, "मंजूर." न बघता. माझ्यासाठी मदतनीस नेमायचीही गरज पडली नव्हती.

अलम् अतिविस्तरेण, पाल्हाळ पुरे. ग्रंथपालांसमक्ष मी तुमचा मदतनीस कायमचा बंद केला आहे. दोन माणसांच्या नजरेखाली, तुमच्याच नियमाने. माझे गोठे उपसून काढले. अक्षराला मात्र हात लावला नाही. ते तुमच्या मापाचं आहे, तसंच राहू दे. पट्टी सुटेल त्या दिवशी मी तिथे येतो आहे. नको म्हणू नका, ऐकणार नाही. त्या दिवशी तुम्हाला दिसलं तर मला पोटभर बोला. नाही दिसलं तर साचा मी वाचून दाखवीन, आणि तुम्ही ऐकून नामंजूर करा. पण मंजूर म्हणू नका. त्या शब्दाची मला धास्ती बसली आहे.

तुमचा,
न बघणारा राखणदार

ता. क. हे पत्र आपल्या साच्यातच जुळवलं आहे आणि अक्षर आहे त्याच्या दुप्पट ठेवलं आहे. पाकीट जाड लागलं तर ते विद्वत्तेने नव्हे. पट्टी सुटल्यावर पहिल्यांदा हेच डोळ्यांसमोर धरा.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. रद्द समजावा. पाकिटात घालण्याआधी पानं नीट जमली का ते बघायला मी हे पत्र साच्यावर बदल म्हणून टाकलं. मदतनीस बंद होता. ग्रंथपालांनी पुन्हा तपासून पाहिलं. आम्ही दोघं भर दुपारी चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर खाली तुमच्या नावाने शेरा: "नामंजूर. पान आहे की गोठा? अक्षर लहान कर. मला दिसतंय."

ग्रंथपालांनी चहा परत मागवला. नामंजूर झालं की निमूट ऐकायचं, हा तुमचा नियम. म्हणून तुमच्या हाती पडलेल्या पत्राचं अक्षर बारीक आहे. (वहिनी, चष्मा लावावा लागला असेल, क्षमा करा. आता खरं काम सांगतो, हे सगळं पत्र त्यासाठीच. यांना काही विचारू नका. किल्ली कमरेला आहे ना तेवढं चाचपा. मग कपाट उघडा, आणि यंत्राला हात लावून ते गरम आहे का, तेवढंच मला कळवा.)